स्थौल्यचिकित्सेत समूहाचे स्थान

स्थौल्याचा रुग्ण येतो, मेदोहर गुग्गुळ आणि छापील पथ्यपत्रक घेऊन जातो आणि महिन्याभरात दिसेनासा होतो. औषधविक्रेते बंधूंनाही हा अनुभव नवा नाही. आमच्या मते उणीव औषधात नाही. पथ्य पाळताना रुग्ण एकटा पडतो, ही खरी उणीव आहे.

न्यूयॉर्कमधील जीन निडेच या गृहिणीला १९६१ साली आरोग्य खात्याच्या चिकित्सालयातून आहार मिळाला होता. काही वजन उतरले, पण निश्चय डळमळू लागला. तिने मैत्रिणींना घरी बोलावले, आणि त्या बैठकांतून १९६३ मध्ये ‘वेट वॉचर्स’ ही संस्था उभी राहिली. पुढे १९९७ मध्ये तिने प्रत्येक पदार्थाला अंक दिले. कोणताही पदार्थ वर्ज्य नाही, दिवसाची मर्यादा मात्र ओलांडायची नाही. ‘लॅन्सेट’मध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ७७२ व्यक्तींच्या अभ्यासात वर्षभरात या पद्धतीने सरासरी ५ किलो, तर नेहमीच्या वैद्यकीय सल्ल्याने सव्वादोन किलो वजन घटले. (अभ्यासाचा खर्च त्याच कंपनीने दिला होता, हेही ध्यानात असावे.)

यातील लवचीकता आपणांस परकी नाही. अहिताचा त्याग एकदम न करता पादांशाने करावा, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानातच सांगितले आहे. आणि स्थूलाचा अग्नी तीक्ष्ण असतो. त्यास नुसते उपाशी ठेवले तर तो रात्री फरसाणाचा डबा उघडणारच. म्हणून गुरु परंतु अपतर्पण करणारा आहार: जव, मूग, कुळीथ, ताक. मात्र कॅलरींचे अंक अग्नी, प्रकृती आणि काल पाहत नाहीत. सर्वांना एकच तक्ता देणे आम्हांस मान्य नाही. बैठक सामूहिक असावी, आहारयोजना व्यक्तिगत.

मे २०२५ मध्ये या कंपनीला अमेरिकेत दिवाळखोरीचे संरक्षण मागावे लागले. कर्जाचा बोजा होताच. शिवाय भूक मंदावणाऱ्या इंजेक्शनांकडे लोक वळले होते. तीच इंजेक्शने २०२५ पासून आपल्याकडेही मिळू लागली आहेत. ती घेणारा रुग्णही खातो काय आणि ती थांबवल्यावर काय खाईल, हा प्रश्न उरतोच, आणि तो वैद्याचा आहे.

आठवड्यातून एक सायंकाळ, दहा-बारा रुग्ण, तासभर संवाद, एवढे तरी प्रत्येक वैद्याने करून पाहावे. वजन आडोशाला घ्यावे, चारचौघांत वाचू नये. औषधविक्रेत्यांनी जागा द्यावी, पण ‘हमखास वजन घटवा’ असा फलक लावू नये. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या अनुसूचीत स्थूलतेचाही समावेश आहे.