बारा ते सहा

बालवाडी बाराला सुटते, ऑफिस सहाला. मधले सहा तास कोणाच्या भरवशावर काढायचे, हा एकट्या पालकाचा रोजचा प्रश्न. प्रवेश अर्जावर आई-वडील दोघांचे फोन नंबर मागतात. इथे ताप आला तरी, पाळणाघराची ताई रजेवर गेली तरी, फोन एकाच नंबरवर येतो.

2017 च्या कायदादुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभाही दिली. पण दुकानात, दवाखान्यात, चार घरी काम करणारीचं काय? आणि एकट्या बापाचं?

1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक यांनीही लेक एकटीनं वाढवली होती. त्यांच्या कामातून पुढे अंगणवाडी घडली. तीच अंगणवाडी संध्याकाळपर्यंत उघडी राहावी, सेविकेला त्याचा रास्त पगार मिळावा, ही आमची ठाम मागणी आहे.

या अंकात पाळणाघर निवडताना काय पाहावं, हेही दिलं आहे: आगाऊ न कळवता जा, मुलं झोपतात ती खोली पाहा, न्यायला कोण येणार याची नोंद ठेवतात का, ते विचारा. आणि शेजारी एकट्या पालकाचं घर असेल, तर अडीअडचणीला तुमचाही नंबर त्यांना द्या.