नारिंगी टोप्यांची गोष्ट

सुट्टी टाकून, गोठवणाऱ्या थंडीत, फुकट प्रचाराला जाल? २००४ च्या जानेवारीत अमेरिकेतली हजारो मंडळी गेली! हॉवर्ड डीनसाठी. डोक्यावर नारिंगी टोपी आणि आयोवात दारोदार. इंटरनेटवरून छोट्या-छोट्या देणग्या जमवून याच पब्लिकने डीनला आघाडीवर आणलं होतं. १९ जानेवारीला निकाल लागला आणि डीन थेट तिसरा! त्या रात्रीची त्याची आरोळी टीव्हीवर इतकी वाजली, की त्याचा जोकच झाला. ‘पुन्हा या भानगडीत पडणे नाही,’ असं कुणालाही वाटेल. पण तोच इंटरनेटचा फंडा २००८ मध्ये ओबामांनी वापरला आणि व्हाइट हाउस गाठलं. टोपीवाल्यांना गुलाल मिळाला नाही, पण रस्ता त्यांनीच झाडून ठेवला होता, यार!