पोलीस पाटील कोणाचा?

रात्रीं दोन वाजतां पुणें-नगर रस्त्यावर कोणी मोटारीखालीं सांपडला, सकाळीं विहिरींत प्रेत तरंगतांना दिसलें, किंवा दोन आळींत उद्यां दगडफेक होणार अशी कुणकुण लागली, म्हणजे खेड्यांत पहिली हांक ज्यास मारली जाते त्या अधिकाऱ्याच्या अंगावर गणवेश नसतो, कमरेला पट्टा नसतो आणि हाताखालीं एक शिपाईहि नसतो. तो त्याच गांवचा, त्याच आळींतला, शेतीवाडी करून राहणारा गृहस्थ असतो. त्यास पोलीस पाटील म्हणतात. महाराष्ट्रांत या पदाच्या अडतीस हजारांहून अधिक जागा आहेत. फौजदारी कारभाराच्या या सर्वांत खालच्या पायरीकडे वर्तमानपत्रांचें लक्ष क्वचित् जातें. आणि जातें तेंहि मानधनाच्या मोर्चापुरतें. आज आम्ही सणसवाडीचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवून या पदाचा थोडा विचार करणार आहोंत.

सणसवाडी हें शिरूर तालुक्यांतील गांव पुण्याहून सुमारें तीस किलोमीटरांवर नगरच्या रस्त्यास लागून आहे. पोलिसांच्या बाजूनें तें पुणें ग्रामीण जिल्ह्याच्या शिक्रापूर ठाण्याखालीं येतें. नांवानें वाडी असली तरी तिची वाडी केव्हांच मागें पडली. कारखाने आले, त्यांच्या पाठोपाठ गुदामें आलीं, आणि मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश येथून पोटासाठीं निघालेले हजारों लोक भाड्याच्या खोल्यांतून राहूं लागले. ज्या गांवांत पूर्वीं नवा पाहुणा आला कीं संध्याकाळपर्यंत चावडीवर कळे, त्या गांवांत आतां शेजारच्या खोलींत कोण राहतो हें शेजाऱ्यासहि ठाऊक नसतें. अशा ठिकाणीं पोलीस पाटलानें काय करावें अशी कायद्याची अपेक्षा आहे, आणि ती पुरी करण्याचें कोणतें साधन कायद्यानें त्याच्या हातांत दिलें आहे, हा आमचा प्रश्न आहे.

प्रथम या पदाचा पूर्वेतिहास थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. पाटीलकी ही इंग्रजांच्या आधींची. इंग्रजांनीं ती मोडली नाहीं; तिला कायद्याच्या चौकटींत बसवून आपल्या कामास लावली. सन १८६७ च्या मुंबई ग्राम-पोलीस कायद्यानें पोलीस पाटलाचीं कर्तव्यें ठरलीं. किरकोळ शिवीगाळ व मारामारी करणारास चोवीस तासांपर्यंत चावडींत अडकवून ठेवण्याचा अधिकारहि त्या कायद्यान्वयें पाटलास देतां येई. पुढें सन १८७४ च्या वतन कायद्यानें हीं पदें घराण्यांच्या हातीं पक्कीं झालीं. पाटलास गांवची खडान् खडा माहिती असे, अशी त्या काळाची थोरवी आपण ऐकतों. पण ती माहिती गोळा कोण करी? रात्रीची गस्त घालणारा, चोराचा माग काढणारा, सरकारी टपाल घेऊन ऊनपावसांत कोसच्या कोस धांवणारा मनुष्य महार किंवा रामोशी असे. श्रम त्याचे, मान पाटलाचा आणि खुशाली सरकारची, असा तो व्यवहार होता. डॉ. आंबेडकरांनीं सन १९२८ च्या मार्चमध्यें मुंबई कायदे कौन्सिलांत वतन कायद्याच्या दुरुस्तीचें बिल आणलें, तें या अन्यायावरच बोट ठेवण्यासाठीं. स्वराज्य आल्यावर सन १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ ग्रामवतनें गेलीं; सन १९६२ च्या कायद्यानें मुलकी पाटलाचें पद गेलें; आणि सन १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम-पोलीस कायद्यानें पोलीस पाटील हा नेमणुकीचा अधिकारी झाला. जन्मानें मिळणारी पाटीलकी संपली ही मोठी सुधारणा होय, आणि तिचें श्रेय ज्यांचें त्यांस दिलें पाहिजे.

आज हें पद कसें मिळतें तें पाहा. उमेदवार त्या गांवचा कायम रहिवासी पाहिजे, वय पंचवीस ते पंचेचाळीस पाहिजे, दहावी उत्तीर्ण पाहिजे. ऐंशी गुणांची लेखी व वीस गुणांची तोंडी परीक्षा होते. मागासवर्ग व स्त्रिया यांच्यासाठीं जागा राखून ठेवलेल्या असतात. नेमणूक प्रांताधिकारी करतो. ती प्रथम पांच वर्षांची असते व पुढें वाढवीत वाढवीत साठाव्या वर्षापर्यंत नेतां येते. गांवांत राहून शेती किंवा लहानसहान धंदा करण्यास मोकळीक आहे. बाहेर पूर्ण वेळ नोकरी मात्र करतां येत नाहीं. मोबदला मानधन म्हणून मिळतो. सन २०१९ मध्यें तें दरमहा तीन हजारांवरून साडेसहा हजार झालें, आणि मार्च २०२४ मध्यें पंधरा हजार करण्याचा निर्णय झाला. साठ वर्षें पुरीं झालीं कीं नमस्कार, निवृत्तिवेतन नाहीं. पस्तीस वर्षें ज्यानें गांवच्या मध्यरात्री जागून काढल्या, त्याची सरकारदरबारीं अखेरची किंमत ही!

आतां कर्तव्यांची यादी पाहा. गांवांतील गुन्ह्यांची स्थिति, लोकांचें आरोग्य व एकंदर परिस्थिति यांची खबर मॅजिस्ट्रेटास सतत द्यावयाची. सार्वजनिक शांततेस बाध आणील अशी प्रत्येक बातमी गोळा करून ठाण्याच्या अधिकाऱ्यास कळवावयाची. गुन्हे होऊं द्यावयाचे नाहींत, झाले तर गुन्हेगार शोधावयाचे. संशयास्पद मृत्यु झाल्यास गांवांतील दोन किंवा अधिक समजदार माणसें बोलावून चौकशी करावयाची. याशिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या ३४ व्या कलमानें गांवच्या कारभाराशीं संबंध असलेल्या प्रत्येक अधिकाऱ्यावर विशिष्ट गुन्ह्यांची व शांतताभंगाच्या संभवाची वर्दी तत्काळ देण्याचें बंधन आहेच. थोडक्यांत, गांवांत जें जें घडतें आणि घडूं पाहतें तें तें या एका माणसास कळलें पाहिजे, आणि त्यानें तें वर कळविलें पाहिजे.

येथेंच खरी गोम आहे. कायदा १९६७ चा असला तरी त्यांतील गांव १८६७ चें आहे. त्या गांवांत माणसें ठरलेलीं, घरें मोजकीं, आणि बातमी पाणवठ्यावर आपोआप पोहोंचणारी. सणसवाडींतल्या खोल्यांतून राहणारा मजूर पोलीस पाटलास ओळखत नाहीं, आणि पाटीलहि त्यास ओळखत नाहीं. त्याची मजुरी मुकादमानें बुडविली, त्याच्या घरच्या बाईस कोणी छेडलें, तर तो पाटलाकडे जात नाहीं. कारण त्याच्या लेखीं पाटील हा खोलीमालकाच्या भावकींतला मनुष्य असतो. ही समजूत पुष्कळदां चुकीचीहि असेल. पण कायदा राखणाऱ्याविषयीं दुर्बळाच्या मनांत अशी समजूत असणें हेंच कायद्याचें अपयश होय. उलट बाजूनें पाटलाचीहि अडचण ओळखली पाहिजे. ज्याच्याविरुद्ध वर्दी द्यावयाची तो त्याचा बांधकरी, सोयरा, किंवा ज्याच्याकडे मुलाच्या नोकरीसाठीं शब्द टाकावयाचा असा ठेकेदार असतो. ठाण्याचा अधिकारी दोनतीन वर्षांनीं बदलून जातो. पाटलास मात्र त्याच पाण्यांत राहून माशांशीं वैर करावें लागतें.

हें आम्ही कल्पनेनें लिहीत नाहीं. याच तालुक्याचा इतिहास उघडून पाहावा. सन १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यांतील करडे गांवीं एका सावकारानें हुकूमनामा मिळवून तेथल्या देशमुखावर बजावणी आणली, आणि गांवानें त्या सावकारावर बहिष्कार घातला. त्या ठिणगीचा वणवा १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें भडकला आणि पुणें व नगर जिल्ह्यांतील गांवोगांवीं पसरला; शेतकऱ्यांनीं कर्जरोखे हिसकावून जाळले. मध्यें पांच महिने गेले होते. प्रत्येक गांवास पाटील होता, प्रत्येकास १८६७ चा कायदा लागू होता, आणि लोकांच्या मनांत काय शिजत आहे हें त्यांतल्या कोणास ठाऊक नव्हतें असें म्हणणें धाडसाचें होईल. पण पाटीलहि कुणबीच. कर्जाचा फांस त्याच्याहि गळ्याभोंवतीं असावयाचा. गांवचें दुःख वर कळवून त्याची दाद लावण्याची वाट त्यास नव्हती. वाट होती ती फक्त गांवकऱ्यांचीं नांवें देण्याची. तेव्हां तो गप्प बसला तर नवल काय? सरकारास जाग आली ती रोखे जळल्यावर. मग कमिशन बसलें, आणि सन १८७९ चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

याच परिसरांत एकशें त्रेचाळीस वर्षांनीं काय घडलें तें सर्वांस ठाऊक आहे. २९ डिसेंबर २०१७ रोजीं वढू बुद्रुक येथें गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळील फलकावरून तंटा झाला व तो पोलिसांपर्यंत गेला. त्यानंतर तीनच दिवसांनीं, १ जानेवारी २०१८ रोजीं, कोरेगांवच्या लढाईस दोनशें वर्षें झालीं म्हणून मोठा जनसमुदाय लोटला असतां कोरेगांव भीमा, सणसवाडी व वढू या भागांत हिंसाचार झाला. वाहनें व दुकानें जाळलीं गेलीं, आणि एका तरुणाचा जीव गेला. दोष कोणाचा याच्या चौकशीसाठीं फेब्रुवारी २०१८ मध्यें न्या. जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखालीं आयोग नेमला गेला, आणि त्याची मुदत पुनःपुन्हां वाढवावी लागली. त्या प्रश्नावर निकाल देण्याचा आमचा अधिकार नाहीं व तसा हेतुहि नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, त्या तीन दिवसांत या गांवांतून कोणती खबर कोणी, केव्हां व कोणास दिली हें सांगणारें पाटलाच्या हातचें, पोच असलेलें दप्तर प्रत्येक गांवांत असतें, तर चौकशीचें काम किती सोपें झालें असतें! खबर गेलीच नसेल तर पाटील सांपडला असता. खबर जाऊनहि वर कोणी हालचाल केली नसेल तर वरचा अधिकारी सांपडला असता. कर्तव्यें सांगणाऱ्या कलमांत खबर द्यावी असें आहे. ती मिळाल्याची पोच वरिष्ठानें द्यावी असें नाहीं. त्यामुळें अनर्थ झाल्यावर तोंडी शब्दाविरुद्ध तोंडी शब्द उभा राहतो, आणि अशा झगड्यांत लहान मनुष्य हरतो, हा वकिलीच्या धंद्यांतला आमचा रोजचा अनुभव आहे.

कोणी म्हणेल, आतां चौकाचौकांत कॅमेरे आहेत, प्रत्येकाच्या खिशांत दूरध्वनि आहे, एकशें बारा क्रमांक फिरविला कीं पोलिसांची गाडी येते. मग हें जुनें पद हवें कशाला? कॅमेऱ्याचा उपयोग आम्ही नाकारीत नाहीं. परंतु दगड कोणीं मारला हें कॅमेरा मागाहून दाखवितो. दगड कोणत्या गच्चीवर जमा होत आहेत हें आदल्या रात्रीं शेजारीच सांगूं शकतो. सन २०१८ नंतर दर वर्षीं १ जानेवारीस विजयस्तंभाजवळ मोठा बंदोबस्त ठेवला जातो, यावरून सरकारनें मनावर घेतल्यास काय होतें तें दिसतें. पण बंदोबस्ताची फौज दुसऱ्या दिवशीं परत जाते. उरलेले तीनशें चौसष्ट दिवस गांवांत राहतो तो पोलीस पाटीलच.

म्हणून हें पद काढून टाकूं नये, तें सुधारावें असें आमचें स्पष्ट मत आहे. त्यासाठीं चार गोष्टी तातडीनें केल्या पाहिजेत. पहिली, शांततेस बाध आणणारी प्रत्येक वर्दी लेखी असावी, तिला ठाण्यानें वेळ घालून पोच द्यावी, आणि तिची प्रत पाटलाच्या दप्तरीं राहावी. दुसरी, गांव याचा अर्थ त्या हद्दींत राहणारा प्रत्येक मनुष्य असा धरून, जेथें कारखान्यांमुळें वस्ती फुगली आहे तेथें एकाच पाटलावर सारा भार न टाकतां मदतनीस नेमावेत. आणि त्यांत भाडेकरू मजूर व स्त्रिया यांस नि:संकोच बोलतां येईल अशीं माणसें असावींत. तिसरी, मुदतवाढ हा अधिकाऱ्याच्या मर्जीचा विषय न राहतां कामाच्या लेखी तपासणीवर ठरावा, म्हणजे सत्य कळविणाऱ्यास पांचव्या वर्षाची धास्ती राहणार नाहीं. चौथी, साठाव्या वर्षीं निरोप देतांना त्याच्या म्हातारपणाची कांहीं तरी तजवीज करावी. उपाशी पहारेकऱ्याकडून निःस्पृहतेची अपेक्षा करणें हें शहाणपणाचें नव्हे. यासाठीं राज्याची तिजोरी रिकामी होण्याचें कारण नाहीं. पहिल्या सूचनेस तर एक वही आणि एक शिक्का याहून अधिक खर्च नाहीं.

पण कायद्यानें सर्व होत नाहीं. पोलीस पाटलास आपल्या आळीचा, आपल्या जातीचा, आपल्या पक्षाचा मनुष्य समजण्याची जी खोड गांवास लागली आहे, ती गांवकऱ्यांनींच सोडली पाहिजे. लग्नांत ज्यास मानाचा फेटा बांधतां, त्यानें तुमच्या मुलाविरुद्ध खरी वर्दी दिली तर त्याच्याशीं रोटीव्यवहार तोडूं नका, एवढें धैर्य सणसवाडीनें व तिच्यासारख्या गांवांनीं दाखविलें पाहिजे. वतनाच्या काळीं पाटील सरकारचा होता. त्याच्याआधीं तो आपल्या भावकीचा होता. आतां तो कायद्याचा व्हावा, आणि कायद्याचा म्हणूनच गांवांतल्या शेवटच्या खोलींत राहणाऱ्या परक्याचाहि व्हावा. वेशीवरचा जागल्या एका आळीपुरता जागूं लागला, तर उरलेल्या गांवानें निजावें कोणाच्या भरंवशावर?