गिअर किती यापेक्षा गिअर टाकतो कोण?



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, हुमणी यांवर लिहावे. गिअरबॉक्सवर लिहायचे त्याला काय कारण, असे कुणी म्हणेल. कारण सांगतो. गेल्या हंगामात एका सभासदाच्या फडात मी स्वतः उभा होतो. ट्रक भरलेला, बांधाकडची वाट पाटाच्या पाण्याने ओली, ड्रायव्हर पोरगा नवा. त्याने दुसऱ्या गिअरवर गाडी उचलायला घेतली, आणि आम्ही भोवतीचे सगळे "दे रेस, दे रेस" म्हणून ओरडत होतो. पाच मिनिटांत क्लचप्लेट जळाल्याचा वास सुटला. मेस्त्री येईपर्यंत, सामान मिळेपर्यंत ऊस दीड दिवस उन्हात. काट्यावर आला तेव्हा वाळून हलका झालेला. त्या सभासदाचे जे वजन गेले ते कुठल्याच कागदावर आले नाही. ओरडणाऱ्यांत मीही होतो.

आता नऊ गिअरच्या गाड्या आल्या, म्हणजे वाहतूक आपोआप सुधारली, असे आपल्याकडे बोलले जाते. मला ते अर्धेच पटते.

ट्रॅक्टरवाल्यांना हे प्रकरण नवे नाही. आठ पुढचे गिअर आपण म्हणतो, ते मुळात चारच. हाय-लोच्या दांड्याने त्यांचे आठ होतात. नऊ गिअरच्या ट्रकचेही तसेच: चार गिअर दोनदा, आणि सगळ्यात खाली एक रांगता गिअर, ज्याला क्रॉलर म्हणतात. फरक एवढाच, की ट्रकमध्ये हाय-लो हवेच्या दाबावर बदलतो, आणि तोही चालत्या गाडीत. जर्मनीच्या झेडएफ कंपनीच्या अशा एका पेटीत रांगत्या गिअरला इंजिनाचे पावणेतेरा फेरे होतात तेव्हा प्रोपेलर शाफ्टचा एक होतो. वरच्या गिअरला एकास एक. फडातून भरली गाडी काढायला हा रांगता गिअर म्हणजे वरदानच, पण तो टाकला तर! वर ज्या गाडीची गोष्ट सांगितली तिला तो होता. पोराला वाटले, एवढ्या हळू गिअरने मागच्या गाड्या खोळंबतील.

दुसरा फायदा चढाला. पाच गिअरच्या जुन्या गाडीत दोन हजार फेऱ्यांवरचे इंजिन वरचा गिअर टाकला की बाराशेच्या आसपास उतरायचे, आणि भरल्या गाडीचा दम जायचा. नऊवाल्यात ते साधारण साडेचौदाशेवर थांबते, म्हणजे जोर हातात राहतो. पायऱ्या जवळजवळ असल्या की म्हाताऱ्यालाही जिना चढवतो, तसे हे आहे.

माझे चुलते ट्रक चालवायचे, जुन्या बिनसिंक्रोच्या पेटीवर. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून खालच्या गिअरसाठी एक बारीक रेस, पुन्हा क्लच, मग गिअर. याला डबल क्लच म्हणत. चुकले की दात वाजायचे आणि शेजारचा क्लीनरही हसायचा. इंजिनाचा आवाज ऐकून गिअर टाकायची सवय त्यांना त्या पेटीनेच लावली. अमेरिकेत दहा, तेरा, अठरा गिअरचे ट्रक वर्षानुवर्षे बिनसिंक्रोचेच चालले, आणि तिथले मुरलेले ड्रायव्हर फेरे जुळवून बिनक्लचचा गिअर टाकतात; क्लच फक्त उचलायला आणि थांबवायला. आपल्या पोरांनी ते करू नये. आपल्या पेट्या बहुधा सिंक्रोच्या, त्यांना ती जबरदस्ती सोसत नाही. पण कान मात्र तसा पाहिजे.

उताराचे तर विचारूच नका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडायची ही खोड अजून गेलेली नाही. आजच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल बंदच होते. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते खर्च होते. म्हणजे वाचत काहीच नाही, वर एक्झॉस्ट ब्रेक निकामी आणि सगळा भार ड्रमवर. नऊ गिअरमध्ये आणखी एक धोका आहे. उतारावर वेग वाढल्यावर घाबरून हाय रेंजमधून लोमध्ये आणायला गेले तर गिअर पडत नाही, वरचाही परत बसत नाही, आणि ऊस भरलेली गाडी मोकळी धावते. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी निवडायचा. "ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर" हे चुलत्यांचे सूत्र त्यांच्या गाडीला बरोबर होते. आजची जोरदार इंजिने वरच्या गिअरमध्येच चढ काढतात; त्यांना उतरताना त्याहून खालचा गिअर लागतो.

तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच उसाच्या दरातून वजा होतो. जळालेली क्लचप्लेट ठेकेदार आज स्वतः भरेल, पण पुढच्या कराराचा दर मागताना ती विसरेल काय? म्हणून माझे नम्र मत असे, की वाहतूक करार करताना आपण गाडीचे मॉडेल आणि टनेज बघतो, तसेच ड्रायव्हर कोण, त्याने ही पेटी भरल्या गाडीवर किती दिवस हाताळली, हेही विचारावे. नव्या ड्रायव्हरला हंगामाआधी यार्डात भरली गाडी देऊन रांगत्या गिअरवर उचलायला लावावी, उतारावरचे गिअर जुन्या ड्रायव्हरने शेजारी बसून दाखवावेत. दोन दिवसांचे काम आहे. ठेकेदार कुरकुर करतील, करू देत.

आणि आपल्या बाजूचेही. तोड येण्याआधी चार दिवस त्या सरीचे पाणी तोडा. वाट खचणारी असेल तर मुरूम टाका, किंवा गाडी बांधापलीकडे कडक जागेवर उभी करून मोळ्या तिथवर आणण्याचे मुकादमाशी आधीच बोलून घ्या. ज्यांच्या फडाची वाट दरवर्षी अडते त्यांनी गट नंबरासह नाव गट कार्यालयात शेतकी मदतनीसाकडे दिवाळीपूर्वी लिहून द्यावे. तिथे कोणती गाडी पाठवायची हे आम्हाला आधी ठरवता येईल.