श्वासाचे माप, कोणाच्या तराजूत?

भिवंडीतील एकाच गल्लीत वीस वर्षांच्या दोन तरुणी राहतात असे समजावे. एक सूतव्यापाऱ्याच्या घरातली, दुसरी यंत्रमागाशेजारी कांड्या भरणारी. उंची सारखी, आजार कोणालाच नाही. दोघींनी छाती भरून श्वास घेतला आणि यंत्राच्या नळीत जोराने सोडला, तर अहवालावर लिटरचा आकडा आणि त्याशेजारी टक्केवारी छापून येते. लिटर त्या मुलीचे स्वतःचे असतात. टक्केवारी मात्र तिची तुलना कोणाशी केली यावर ठरते.

1846 मध्ये लंडनच्या डॉ. जॉन हचिन्सन यांनी दोन हजारांहून अधिक लोकांचा श्वास मोजला आणि फुप्फुसांची क्षमता उंचीप्रमाणे वाढते हे दाखवून दिले. पुढे 1869 मध्ये अमेरिकेतील सैनिकांची मापे प्रसिद्ध झाली, त्यांत कृष्णवर्णीयांचा आकडा कमी भरला. त्यांचे खाणे, राहणे, राबणे यांचा हिशेब न करता तो फरक वंशाच्या खात्यावर टाकला गेला. ही नोंद पुढे फार काळ तशीच चालत राहिली.

पाश्चात्त्य मापाने निरोगी भारतीयही उणे ठरतात, म्हणून येथे स्वतंत्र मापे तयार झाली. मुंबईत डॉ. फारोख उदवाडिया व सहकाऱ्यांनी 1987 मध्ये अशी मापे प्रसिद्ध केली. उत्तर व दक्षिण भारताची सूत्रे निराळी. एका प्रांताचे सूत्र दुसऱ्या प्रांतातील माणसाला लावले तर निदान बदलू शकते. 2012 च्या जागतिक सूत्रांसाठी 26 देशांतील सुमारे 74,000 जणांची मापे वापरली गेली, तरी भारतीय उपखंडाला त्यांत स्वतंत्र गट मिळाला नाही. 2023 मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंशनिरपेक्ष सूत्राची शिफारस केली.

धोका दोन्हीकडे आहे. माप फार वरचे असेल तर धडधाकट मुलगी रोगी ठरते, आणि स्थळे पाहण्याच्या वयात असा कागद घरात किती दिवस चघळला जातो हे सांगायला नको. माप फार खालचे असेल तर कांड्या भरणारीच्या छातीतील धूळ ‘आमच्याकडे एवढेच असते’ या शब्दांत झाकली जाते. कापसाच्या धुळीचा आजार सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येण्याने सुरू होतो. तेव्हा ती ‘निरोगी’तच मोजली जाण्याची शक्यता असते.

स्त्रियांची फुप्फुसे साधारण विशीपर्यंत वाढतात. तोवर साठलेले भांडवल आयुष्यभर पुरवायचे असते आणि ते बाळपणीच्या पोषणावर, चुलीच्या धुरावर, गल्लीतील हवेवर बरेच अवलंबून असते. म्हणून अहवाल हाती आल्यावर सूत्र कोणते वापरले हे डॉक्टरांना विचारावे, उंची तोंडी न सांगता मोजून घ्यावी आणि जुना कागद जपून ठेवावा. पुढच्या वर्षी टक्के नव्हे, आधी लिटर ताडून पाहावेत. सूत्र बदलले तर टक्के बदलतात, लिटर बदलत नाहीत. मागाच्या धुळीत काम करणाऱ्या मुलींचेही असे कागद मालकाने करून ठेवले, तर पहिल्या वर्षीचा आकडा पुढे त्यांच्याच उपयोगी पडेल.