ताईंची खुर्ची आणि आमचं गप्प बसणं



सहा महिने काम केलेल्या विडी कामगार बाईला काढायचं तर रास्त कारण हवं, आणि महिनाभर आधी नोटीस किंवा महिन्याची मजुरी द्यायला हवी, असं १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात लिहिलेलं होतं. सिन्नरच्या वस्त्यांमध्ये बैठका घेताना हे कलम मी कितीतरी वेळा समजावून सांगितलं आहे. "तुम्हाला कुणी असं वाऱ्यावर सोडू शकत नाही," हे माझं पाठ वाक्य.

दोन वर्षांपूर्वी आमच्या संस्थेतल्या समन्वयक ताईंना अकरा वर्षांच्या नोकरीनंतर एका दुपारी काढलं. तीन वाजता विश्वस्त आले, साडेचारला ताई पर्स घेऊन बाहेर पडल्या. कपाटाच्या किल्ल्या, हजेरीचं रजिस्टर आणि संस्थेचं सिमकार्ड टेबलावर ठेवायला लावलं. मी समोरच बसले होते. मी एक शब्द बोलले नाही.

त्या न बोलण्याबद्दल मला आज लिहायचं आहे. कारण काढलेल्या बाईवर काय गुजरतं याची थोडीफार चर्चा होते. मागे उरलेल्या बायकांना मात्र एकच गोष्ट सांगितली जाते: सावरा आणि कामाला लागा.

दुसऱ्या दिवशी आमची बैठक झाली. विश्वस्त म्हणाले, "आपण सगळे एक कुटुंब आहोत. कुटुंबात असे प्रसंग येतात." मग माझ्यापुढे कागद आला. ताईंच्या सगळ्या जबाबदाऱ्या 'तात्पुरत्या' माझ्याकडे, मानधन आहे तेवढंच. मी सही केली. घरात माझ्या पगाराशिवाय भागत नाही, हे एक कारण. दुसरं कारण कबूल करायला जड जातं. त्या खुर्चीत बसताना मनाच्या एका कोपऱ्यात बरं वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून एक प्रशिक्षक आले. विषय होता ताणाचं व्यवस्थापन. डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, जे आपल्या हातात नाही ते सोडून द्या. आम्ही सात बायका सतरंजीवर बसून श्वास मोजत होतो. मला एकदम आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या बायकांची आठवण झाली. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला "तू जरा शांत राहायला शीक" असं सांगणारी सासू आणि हे प्रशिक्षक यांच्यात फरक तो काय? 'कुटुंब' या शब्दाखाली काय काय झाकलं जातं हे आपण चाळीस-पन्नास वर्षं जगाला ओरडून सांगतो आहोत. आपल्याच संस्थेत तो शब्द ऐकून आपण माना का डोलावतो?

पैसा आटला होता, हे खोटं नाही. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देण्यावर बंदी आली. मोठ्या संस्थेमार्फत पैसे मिळवणाऱ्या तालुक्याच्या गावच्या लहान संस्थांचं कंबरडं मोडलं. व्यवस्थापन सांभाळणाऱ्यांचा पगार प्रशासकीय खर्चात मोडतो, म्हणून पहिली कुऱ्हाड समन्वयकावर पडते. हे सगळं समजण्यासारखं आहे. पण मग हे आम्हाला सगळ्यांना बसवून का सांगितलं नाही? हिशोब का दाखवला नाही? सगळ्यांचे तास थोडे थोडे कमी करता आले असते का, हे का विचारलं नाही? निधी सरकारने अडवला असेल, पण किल्ल्या हिसकावून घ्यायला सरकारने सांगितलं नव्हतं.

कायद्याचं म्हणाल तर समन्वयक बाईची गत विचित्र असते. औद्योगिक विवाद कायद्यात व्यवस्थापकाच्या हुद्द्यावरचा माणूस 'कामगार' धरला जात नसे. म्हणजे कायद्याच्या लेखी ताई मालकाच्या बाजूच्या, आणि मालकाच्या लेखी आमच्या बाजूच्या! आम्हा बाकीच्यांना निदान १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लाय खटल्याच्या निकालाचा आधार होता. सेवाभावी संस्थाही काही अटींवर 'उद्योग' ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा म्हटलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने सेवाभावी, सामाजिक काम करणाऱ्या संस्था 'उद्योगा'च्या व्याख्येतून बाहेर काढल्या. मुसळगाव-माळेगावच्या कारखान्यातल्या बाईसाठी आपण जे मागतो, ते आपल्यासाठी मागायला जागाच उरू नये, अशी ही रचना आहे. आणि आपल्यातल्या किती जणींनी तिच्याविरुद्ध तोंड उघडलं?

आता आमच्या गप्प बसण्याची किंमत सांगते. ती आम्ही भरली नाही. वावीकडच्या एका बाईची कौटुंबिक हिंसाचाराची केस सिन्नरच्या कोर्टात होती. पोटगीच्या अर्जाची तारीख होती. तारखा ताईंच्या डोक्यात असायच्या, आणि बाया फोन करायच्या ते ताईंच्या सिमवर. ते सिम विश्वस्तांच्या ड्रॉवरमध्ये बंद पडलेलं. बाई दोन दिवस फोन लावत राहिली. तारीख गेली. पुढची अडीच महिन्यांनी मिळाली. तोवर दोन लेकरांना घेऊन ती भावाच्या दारात.

ती ऑफिसात आली तेव्हा तिने मला एवढंच विचारलं, "ताईंनी पैसे खाल्ले का हो?"

मी हादरले. वस्तीत तसं बोललं जात होतं. का नाही बोलणार? अकरा वर्षं घरोघर फिरलेली बाई एका दिवसात गायब होते, तिचं नाव कोणी काढत नाही, तर लोक काय समजतील? ती अफवा कुणी पसरवलेली नव्हती. आमच्या गप्प बसण्यातूनच ती उगवली होती.

त्या संध्याकाळी मी ताईंच्या घरी गेले. काढल्याला एकोणीस दिवस झाले होते. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला दोष दिला नाही. "तिच्या तारखेला कोण गेलं होतं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मला उत्तर देता आलं नाही.

ताई देवमाणूस नव्हत्या. चिडायच्या, आमची टिपणं फेकून द्यायच्या, सगळं स्वतःच्या हातात ठेवायच्या. तारखा एकट्या त्यांच्या डोक्यात राहिल्या ही त्यांचीही चूकच. पण बाई चांगली असेल तरच तिला न्याय, हा हिशोब आपण केंद्रात येणाऱ्या बाईला लावत नाही. मग इथे का लावायचा?

त्यानंतर आम्ही चौघींनी मिळून पत्र लिहिलं. ताईंना काढण्याचं कारण लेखी द्या, त्यांची देणी द्या, वाढलेल्या कामाचा मोबदला ठरवा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाच वर्षं सेवा झाली की दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकं उपदान मिळावं, ही तरतूद १९७२ पासूनची आहे. 'हे तर मानधन' असं म्हणून उडवून लावणाऱ्यांना एक आठवण द्यावी. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांनाही उपदानाचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला, आणि त्यांना मिळतं ते मानधनच! ताईंना उपदान मिळालं, सात महिन्यांनी. कारण आजतागायत लेखी मिळालेलं नाही. आमच्यातल्या एकीचा करार पुढे वाढवला गेला नाही. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही.

"हे बाहेर बोलू नका, चळवळीच्या शत्रूंना फावेल," असं मला एका जुन्या कार्यकर्त्या मैत्रिणीनेच सांगितलं. घरातलं घरात ठेवा, हेच ना ते? हे वाक्य ऐकून आपण कधी कुणा बाईला परत पाठवलं आहे का?

म्हणून म्हणते, आपल्या गटात अशी वेळ आली तर पहिल्या आठवड्यातच तिच्या घरी जा. एकोणीस दिवस थांबू नका. वस्तीतल्या बायांना खरं काय ते स्वतः सांगा. तिचं काम अंगावर घ्यावं लागलं तर मोबदला आणि मुदत कागदावर घ्या. कोर्टाच्या तारखा एका डोक्यात, एका सिमवर ठेवू नका. नेमणुकीचं पत्र नसेल तर आजच मागा, सगळ्या जणी मिळून मागा.

मी अजून त्याच खुर्चीत बसते. विडी कामगारांच्या बैठकीत अजूनही हक्कांचं बोलते. पण आता बोलताना आधी सांगते की आमच्या ऑफिसात काय झालं, आणि तेव्हा मी काय केलं नाही. बाया ऐकून घेतात. परवा एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी तुमीबी आमच्यासारख्याच की!"

ते कळायला मला ताईंची नोकरी जावी लागली. तुमच्या संस्थेत काय घडलं, कोण बोललं, कोण गप्प राहिलं, ते लिहून कळवा.