पाऊल सरळ झाले, तरी बूट सुटू नयेत

ज्ञानोबांची पालखी दरवर्षी माळशिरसला मुक्काम करते. चालत्या पायांचे मोल या गावाला वेगळे सांगायला नको. तरीही एखादे बाळ आत वळलेले पाऊल घेऊन जन्मले की पहिला प्रश्न आईलाच विचारला जातो, ‘ग्रहणात काय चिरलं होतंस?’ हा प्रश्न हिंदूंच्या घरात होतो तसा मुसलमानांच्या घरातही होतो.

ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. साधारण हजार बाळांमागे एकाला हा दोष असतो आणि तो बरा होतो. मूळचे स्पेनचे डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात बसवलेली पद्धत आज जगभर वापरतात. पाऊल हळुवार वळवून मांडीपर्यंत प्लास्टर घालायचे आणि ते दर आठवड्याला बदलायचे. पाच-सहा प्लास्टरनंतर बहुतेक बाळांची टाचेमागची घट्ट शीर छोटीशी चीर देऊन सैल करतात. मग दांडीने जोडलेले बूट येतात. पहिले तीन महिने ते दिवसाचे 23 तास घालायचे, पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेत.

घोडे अडते ते इथेच. पाऊल सरळ दिसू लागते, बाळ रडते, आजीचा जीव तुटतो आणि बूट फळीवर जातात. काही महिन्यांत पाऊल पुन्हा वळते.

2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषाची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारले तर वाट कळते. पण सोलापूर इथून शंभर किलोमीटरहून लांब आहे. दर आठवड्याचे एसटीभाडे आणि बुडालेली मजुरी कोणत्या योजनेतून भरून निघणार? ऊसतोडीच्या टोळीतल्या आईने तर कोयता टाकायचा की प्लास्टर चुकवायचे?

रमजानमध्ये खैरातीसाठी हात सैल होतात. जकातीचे नियम ठरलेले आहेत, पण सदका कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येतो. एका बाळाच्या सहा फेऱ्यांचे भाडे मोहल्ल्याला जड नाही. त्याहून मोठी मदत म्हणजे पुढची चार वर्षे अधूनमधून त्या घरी डोकावून विचारणे, ‘बाळाने रात्री बूट घातले ना?’ बरे वाटले म्हणून दुपारीच रोजा सोडत नाहीत. बुटांनाही तोच सब्र लागतो.